वन्संची मोजणी

"दर चौरस मीटरमागे एकोणीस कोळी. पीक सुरक्षित आहे. धन्यवाद," वन्सं गोड आवाजात म्हणाल्या, आणि सारिका पोवारने हातातला विळा रागाने बांधात खुपसला.

"धन्यवाद कुणाला देतीस गं बये? जरा खाली वाकून बग की!"

वन्संना वाकता येत नव्हतं, कारण वन्सं म्हणजे चार खांब होते. दहा गुंठ्यांच्या भातखाचराच्या चार कोपऱ्यांवर चार खांब आणि त्यांच्यामध्ये पिकाच्या उंचीवर ताणलेल्या केसासारख्या बारीक तारा. कोळी या तारांच्या आधाराने जाळी विणत, आणि जाळ्यातली थरथर ऐकून यंत्र कोळ्यांची संख्या सांगे. सरकारी कागदावर त्याचं नाव 'जालश्रवण यंत्र' होतं. पण उठल्याबसल्या उपदेश करायचा, स्वतः काडीला हात लावायचा नाही आणि आपलं कधी चुकतच नाही असं समजायचं, हे गुण बघून कुरणवाडीच्या बायकांनी त्याला पहिल्याच हंगामात नणंदेच्या नात्यात बसवलं होतं. सारिकाला खऱ्या नणंदा दोन होत्या. त्या हिच्यापुढे गरीब गाय म्हणायच्या.

हिरण्यकेशीच्या खोऱ्यात पाच वर्षांपासून नियमच होता. कोळी पुरेसे असतील तोवर औषधाचा थेंब मारायचा नाही. कोळी कमी झाले तर तालुक्याच्या केंद्राने दुसऱ्या रानातले कोळी आणून सोडायचे. आणि कोळी अजिबातच नसतील, तर साथ पसरू नये म्हणून पंचायतीच्या छपरावरचा ड्रोन आपणहून येऊन फवारून जाणार. या तिन्हीतलं काय करायचं ते वन्संनी ठरवायचं. नियम वाईट नव्हता. खोऱ्यातल्या विहिरींचं पाणी पुन्हा पिण्यालायक झालं होतं, हे सारिकाही मान्य करायची. तिचं भांडण एवढंच होतं, की वन्सं सांगत होत्या एक आणि डोळ्यांना दिसत होतं भलतंच.

तिने भाताच्या रोपांचा एक झुबका, एक चूड, दोन्ही हातांनी फाकवला. बुडाशी, पाण्याच्या जरा वर, तपकिरी तुडतुडे दाटीवाटीने चिकटले होते, तीळ थापावेत तसे. रस शोषून शोषून त्यांनी खाचराच्या मधोमध चटईएवढा गोल चट्टा वाळवून टाकला होता. चार दिवसांपूर्वी तो ताटाएवढा होता. आणि हे भात साधंसुधं नव्हतं. ही मोगरसाळ होती. शिजताना तीन घरं पलीकडे वास जाणारं हे वाण सारिकाने माहेराहून ओटीत आणलं होतं. माहेरच्यांनी पुढे ते सोडलं, खोऱ्यानेही सोडलं. शहरातल्या बियाणेकोशात जपलेलं बी तीन वर्षांपूर्वी पेरून पाहिलं तर एकही दाणा उगवला नाही. म्हणजे जगात मोगरसाळ उरली होती ती या दहा गुंठ्यांत, आणि ती आत्ता निसवत होती, लोंब्या बाहेर पडत होत्या. महिनाभर तग धरला तर बी हाताशी येणार होतं.

तिने चार दिवसांत सात तक्रारी केल्या. सातही वेळा एकच उत्तर आलं, "आपल्या खाचरात कोळी पुरेसे आहेत. अफवांवर विश्वास ठेवू नये."

"माझ्याच शेतातली माझ्याच डोळ्यांनी बघितलेली अफवा!" ती नवऱ्यावर खेकसली होती. नवरा बिचारा शहाणा. तो म्हशीला पाणी दाखवायला निघून गेला.

आठव्या तक्रारीनंतर मात्र केंद्रातली स्वरा तराळ स्वतः आली. तिशीही न गाठलेली ही कीटकशास्त्रज्ञ सर्वपित्रीची सुट्टी असूनही गाडी काढून आली, म्हणून सारिकाने तिला शिव्या द्यायचं लांबणीवर टाकलं.

"काकू, यंत्र तर व्यवस्थित चालतंय," स्वरा हातातल्या पडद्याकडे बघत म्हणाली. "तारांवर भरपूर थरथर आहे. उलट जरा जास्तच आहे."

"मॅडम, पडद्यात तोंड घालू नका. चुडात घाला."

स्वराने पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, खाचरात उतरली आणि चूड फाकवला. मग दुसरा, मग तिसरा. तिचा चेहरा उतरत गेला. "अहो, इथे तर एकही कोळी नाही! मग तारा कोण हलवतंय?"

दोघी कोपऱ्यातल्या खांबाशी गेल्या. तारांवर विस्कटलेली, ओबडधोबड जाळी लोंबत होती, आणि त्यांत दोऱ्यासारख्या लांब पायांचे फिकट किडकिडीत कोळी उलटे लटकले होते. स्वराने एका जाळ्याला बोट लावलं. त्याबरोबर तो कोळी अंगात आल्यासारखा गरागरा घुमायला लागला, शेजारचा घुमायला लागला आणि सगळी तारच थरथरली.

"हे घरातले कोळी आहेत," स्वरा चक्रावून म्हणाली. "माळ्यावर, कोनाड्यात राहतात ते. जाळ्याला धक्का लागला की असे थरथरतात. इथे नुसता वारा आला तरी थरथरत असणार, आणि यंत्र ते मोजत बसलंय. वर हे दुसऱ्या कोळ्यांना खातात. पण हे शेतात आले कसे?"

उत्तर बांधावरून चालत येत होतं. सारिकाच्या सासूबाई शालन, वय वर्षं ब्याऐंशी, डोक्याला फडकं बांधलेलं, एका हातात केरसुणी आणि दुसऱ्या हातात फडक्याने झाकलेली बुट्टी. पितर जेवून गेले, आता उद्याच्या घटासाठी देवघर झाडून आल्या होत्या. दोघींकडे लक्षही न देता त्या खांबाशी गेल्या, फडकं काढलं आणि बुट्टी तारेवर अलगद झटकली. पाच-सहा लांबटांगे टुणटुण उतरून तारेला बिलगले.

"आत्ती!" सारिका किंचाळली. "ह्ये काय करतायसा?"

"आता गं? जळमटं काढली तर त्येंनी जायाचं कुठं? तुमचं सरकारच सांगतंय न्हवं, कोळी मारू नगा म्हून. मी एक बी मारला न्हाई. पंधरवडाभर रोज आणून सोडतीया." शालनबाई समाधानाने म्हणाल्या. "घरात उपाशीच असत्यात. हितं पोटभर खातील."

"म्हंजे रोज एकेक बुट्टी?"

"माझी एकटीची कशाला? आख्ख्या आळीची. समद्यांची घरं झाडून झाली. मीच सांगितलं, आमच्या सारकीच्या मोगरसाळीत नेऊन सोडा, तिच्या भाताला किडा लागलाय."

सारिकाला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. नवरात्राआधी घर झाडायचं हा रिवाज, जीव मारायचा नाही हा सरकारी नियम, आणि सुनेचं भात वाचावं ही सासूची माया. तिन्ही गोष्टी चांगल्या. तिन्ही मिळून तिच्या पिकाचं वाटोळं करून बसल्या होत्या. तिने कपाळावर हात मारला आणि चिखल कपाळाला लागला, त्याचाही तिला राग आला.

"जास्त पावसाने तुमच्या शेतातले मूळचे कोळी वाहून गेले असणार," स्वराने तारा पुसायला घेतल्या. "मोजणी खरी झाली असती तर आम्ही आठवड्यापूर्वीच नवे आणून सोडले असते. आज आमचं गोदाम बंद आहे."

"गोदामाचं काय घेऊन बसलाय? वरच्या रानात लवकर येणारं हळवं भात कापलंय आमचं. त्याच्या पेंढ्या पडल्यात. एक पेंढी हलवली की आतनं कोळी पळत सुटत्यात."

स्वराचे डोळे चमकले. ते जमिनीवर फिरणारे कोळी होते. जाळं विणत नाहीत, लांडग्यासारखे धावून शिकार करतात, आणि तुडतुडे हे त्यांचं आवडतं खाणं.

दुपारभर तिघी खपल्या. सारिका आणि स्वरा पेंढ्या डोक्यावरून आणत होत्या, शालनबाई बांधावर बसून कुठली पेंढी कुठे ठेवायची ते सांगत होत्या. आत लपलेल्या कोळ्यांसकट साठ पेंढ्या मोगरसाळीच्या चुडांमध्ये उभ्या राहिल्या. चारच्या सुमाराला सारिकाने वाळलेल्या चट्ट्याच्या कडेला चूड फाकवला आणि श्वास रोखला. पाठीवर पिल्लांचा ढीग घेतलेली एक करडी कोळीण खोडावर चढली, थबकली, आणि झडप घालून तिने तुडतुडा धरला.

"धरला गं माझ्या बाईनं!" सारिका ओरडली. चार दिवसांत पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

तेवढ्यात वन्सं बोलल्या. "कोळी शून्य. साथीचा धोका. आपोआप फवारणी पंधरा मिनिटांत सुरू होईल. कृपया खाचराबाहेर जा. धन्यवाद."

स्वराचा चेहरा पांढरा पडला. तारा पुसून स्वच्छ झाल्या होत्या. नवे कोळी जाळीच विणत नव्हते. ऐकायला काही उरलंच नव्हतं.

"आता शून्य?" सारिका कडाडली. "शेत रिकामं होतं तवा एकोणीस, आन् भरलं तवा शून्य? रद्द करा मॅडम."

स्वरा फोन कानाला लावून उभी होती. "रद्द करायला जिल्ह्याची मंजुरी लागते, काकू. आज सर्वपित्री, उद्या घटस्थापना. कुणी उचलत नाहीये." तिने फोन खाली घेतला. "फवारलं तर आत्ता दिसणारे तुडतुडे मरतील. पण हे कोळीही मरतील. तुडतुड्यांची अंडी असतात खोडाच्या आत, त्यांना काही होत नाही. आठ दिवसांनी ती फुटली की त्यांना खायला कुणीच नसेल."

"आन् न्हाई फवारलं तर?"

"तर या कोळ्यांवर भरवसा. पुरतील की नाही, खरं सांगायचं तर मला माहीत नाही."

पंचायतीच्या दिशेने घरघर ऐकू यायला लागली. सारिकाने एकदा चट्ट्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. मग ती चिखल तुडवत खांबाशी गेली आणि तारेला बोट लावून ती छेडली. वन्सं गप्प. तिने पुन्हा छेडली, जोरात.

"वाऱ्याचा अडथळा. मोजणी शून्य."

"आगं, अशी न्हवं," मागून शालनबाई म्हणाल्या. त्या कधी खाचरात उतरल्या ते कळलंच नाही. नऊवारीचा काठ पाण्यात भिजत होता. "जळमट काढताना मी त्येंच्याशी आयुष्यभर खेळलीया. आदी बारीक, मग भराभरा, मग एकदम गप. बग."

त्यांच्या सुरकुतलेल्या बोटांखाली तार हुबेहूब थरथरली. सारिकाने शेजारच्या तारेवर ती लय उचलली. स्वरा क्षणभर घुटमळली. हे तिच्याच केंद्राचं यंत्र होतं, आणि त्याला फसवणं गुन्हा होता. मग तीही तिसऱ्या तारेकडे धावली.

ड्रोन डोक्यावर आला. त्याच्या वाऱ्याने मोगरसाळीच्या लोंब्या लवल्या. तिघी मान खाली घालून तारा थरथरवत राहिल्या.

"बारा कोळी," वन्सं म्हणाल्या. "फवारणी रद्द. पुढील मोजणी वीस मिनिटांनी. धन्यवाद."

ड्रोन वळला आणि घरघरत माघारी गेला. परवा कार्यालय उघडेपर्यंत दर वीस मिनिटांनी हेच करायचं होतं. आणि आपण चुकलो असू तर, सारिकाच्या मनात आलं. जगातली शेवटची मोगरसाळ आपल्याच बोटांनी घालवली असं होईल, आणि तेव्हा दोष द्यायला वन्संही नसतील. तिला भयंकर भीती वाटली.

शालनबाईंनी भिजलेला काठ पिळला. "वरच्या वन्संचं भागलं एकदाचं," त्या म्हणाल्या. "पर ह्या खाली गुमान राबनाऱ्या बायांस्नी कोन मोजनार गं?"

सारिका गुडघ्यांवर बसली आणि मोजायला तिने पहिला चूड फाकवला.