काचघरातला न दिसणारा चोर

"आजपासून तू काचघरात पाऊल टाकायचं नाहीस!" मामाने मनीच्या देखतच दाराला कुलूप ठोकलं.

मनी दोन पावलं मागे सरली. मांजरीसारखी बिनआवाज वावरते म्हणून मामेभावंडांनीच तिला हे नाव ठेवलेलं. आई-बाबा कामासाठी लांब गेलेले, त्यामुळे सुट्टीभर ती मामाकडे. मामाची रोपवाटिका भलीमोठी, पण तिच्याशी दोन शब्द बोलायला कुणाला सवड नव्हती. मग ती काचघरात जाऊन बसायची. तिथे दुरंगी मॉन्स्टेरा हे शोभेचं झाड होतं, हिरव्या पानांवर पांढरे पट्टे उमटलेलं. त्याला मधूनच येणाऱ्या पांढऱ्याशुभ्र पानांची कलमं मामा बरण्यांतल्या पाण्यात ठेवायचा आणि ती एकेक करून करपायची. काचघरात सतत असतं कोण? मनी! मग बरण्यांत काहीतरी ओततं कोण? मनीच! मामाने निकाल देऊन टाकला. तिला एका शब्दाने विचारलंसुद्धा नाही. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

ती पायरीवर एकटीच बसली होती, तेवढ्यात मामेबहीण बडबडी आणि तिचा धाकटा भाऊ ढब्बू येऊन धडकले.

"ए मनी, कलमं मारणारा चोर पकडायचा का? आम्हाला जाम कंटाळा आलाय!" बडबडी म्हणाली.

कंटाळा आला म्हणून आठवण झाली होय! पण एकटं बसण्यापेक्षा बरं.

"आत जमिनीवर पीठ पसरा," मनी हळूच म्हणाली. "चोर काही उडत येणार नाही."

"अरे वा! मांजरीला वाचा फुटली!" ढब्बू खिदळला.

संध्याकाळी बडबडीने खुंटीवरची किल्ली पळवली आणि पीठ पसरलं. मनी मात्र उंबरठ्याबाहेरच थांबली.

सकाळी पाहतात तो काय, पीठ जसंच्या तसं! आणि तरीही आणखी एक पान कडेने तपकिरी पडलेलं!

"भूत!" ढब्बू किंचाळला.

"भूत कसलं! कुणी आलंच नाही, म्हणजे खोट कलमातच आहे," मनी म्हणाली. "पान हिरवं असेल तरच अन्न तयार करतं. झाडावर असताना पांढऱ्याला हिरवी पानं पोसतात. छाटून वेगळं केलं की ते उपाशी मरतं!"

"आणि थोडं हिरवं असलेली कलमं?" बडबडीने विचारलं.

"गिऱ्हाइकांना पांढरीच आवडतात म्हणून मामा ती फेकून देतो."

"खताच्या ढिगावर! चला, ती जगली का बघू!" बडबडी ओरडली.

तिघं धावत सुटले. ढब्बू तर गुडघ्यापर्यंत ढिगात रुतला! मनीने पाचोळा उपसला. खाली एक टाकून दिलेलं, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कलम होतं. त्याच्या पेरातून जाडजूड मुळं फुटली होती आणि वर नवं पान उलगडत होतं.

"काय धिंगाणा चाललाय?" मामा आला. बडबडीने एका दमात सगळं सांगितलं.

मामाने मुळं न्याहाळली आणि कपाळावर हात मारला. "म्हणजे चोर मीच! पांढऱ्याच्या नादात जगणारी कलमं उकिरड्यात घातली. मनी, शाबास! काय डोकं चालवलंस! ही घे काचघराची किल्ली."

मनीने हात पुढे केला नाही.

"मामा, तू मला विचारलंच नाहीस."

मामाचा चेहरा उतरला. तो तिच्यासमोर खाली बसला.

"चुकलं माझं. आता विचारतो. तू बरण्यांत काही ओतलं होतंस का गं?"

"नाही, मामा," मनी म्हणाली आणि मग इतका वेळ अडवून धरलेलं रडू तिने येऊ दिलं.