अंगठा राहिला

"अंगठा राहिला."

तिने नळ बंद करून मागे पाहिलं. एक उंच, चष्मेवाला तरुण उभा होता.

"काय म्हणालात?"

"तळवे झाले, बोटांच्या बेचक्या झाल्या. डावा अंगठा कोरडाच." तो हसला. "बहुतेकांचा तोच राहतो."

"आणि तुम्ही अंगठ्याचे कोण? मामा?"

"संसर्ग-नियंत्रण अधिकारी. आजच आलो. कोण हात धुतं आणि कोण नुसतेच ओले करतं, ते बघायचं माझं काम."

ती फिजिओथेरपिस्ट, ऑपरेशन झालेल्या रुग्णांना पुन्हा चालतं करणारी. त्या दिवशी तिने अंगठा इतका चोळला की लालबुंद झाला.

वॉर्डाने त्याचं नाव ठेवलं साबणराव. आणि ती? रुग्णाला हात लावण्याआधी, लावल्यानंतर, पडदा सारला तरी हात स्वच्छ करायची. कातडी फुटायची वेळ आली. पण खांबाशी उभा असलेला साबणराव कधी तिच्याकडे बघेल तर शपथ! त्याची नजर नव्या सर्जनबाईंच्या हातांवर. लांबसडक बोटं, त्यात हिरव्या खड्याची अंगठी... बाई वॉर्डात शिरल्या की याची मान त्या हातांमागे फिरायची.

"काहीतरी जळतंय गं," सिस्टर एकदा म्हणाल्या.

"तुमचं ते उपकरणं उकळायचं यंत्र बघा, सिस्टर."

"ते सकाळपासून बंद आहे, बाई!"

मग एके सकाळी सर्जनबाई त्याच्यासमोर बोटं नाचवत खळखळून हसल्या. तोही हसला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांच्या खाटेच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटली होती. बाटलीला हातही न लावता ती सरळ पुढे गेली. *बघ. आता तरी बघ!*

आजोबांच्या छातीवरचे टाके अजून ओले होते. "चल पोरी, आज दारापर्यंत जाऊ," म्हणत त्यांनी निर्धास्तपणे दंड पुढे केला.

तिचा हात हवेतच थांबला. आपण हे काय करतोय? ती गर्रकन वळली, बाटलीशी आली, हात चोळले. मान वर केली, तर साबणराव तिच्याकडेच बघत होता. हसू पार मावळलेलं.

आजोबांना फिरवून आणल्यावर त्याने तिला व्हरांड्यात गाठलं.

"बाटलीवरून पुढे गेलात. तुम्ही?"

"अरे वा! दिसले म्हणजे मी."

"मुद्दाम केलंत?"

"हो. लावला नाही हात. पण लावणार होते... करा तक्रार. निदान तुमच्या कागदावर तरी येईन."

"आजोबांना काही झालं असतं तर?"

"म्हणून तर थांबले. पुन्हा नाही होणार असं. तुम्ही बघा, नाहीतर बघू नका."

त्याने चष्मा काढून पुसला.

"मी तुमची नोंद घेतच नाही," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी साहेबांना सांगितलं... या बाईंचं निरीक्षण दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"का? एवढी वाईट धुते?"

"तुमच्या हातांकडे बघायला लागलो, की ते धुतले की नाही हेच विसरतो. अशा माणसाचं निरीक्षण शास्त्रात धरत नाहीत."

तिला एकदम उकडायला लागलं. "आणि... सर्जनबाई?"

"अंगठी! तिच्याखाली जंतू मुक्काम ठोकतात. कधीचा मागे लागलोय, काढा म्हणून. आज काढली, तेच दाखवत होत्या."

"सुंदर आहे पण."

"कोण?"

"अंगठी!"

तो हसला. भिंतीवरच्या बाटलीतून त्याने तळहातावर सॅनिटायझर घेतलं. तिनेही घेतलं. दोघं समोरासमोर उभे राहून हात चोळू लागले.

"वाळेपर्यंत कशाला हात लावायचा नसतो," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे मला."

ते वाळायला इतका वेळ कधीच लागला नव्हता. तेवढ्यात सर्जनबाई टकटक करत बाजूने गेल्या, आणि सवयीने त्याची मान वळली.

"इकडे!" ती म्हणाली.

त्याने इकडे पाहिलं. आणि सगळ्यात आधी तिचा डावा अंगठा अलगद मुठीत धरला.