चनबसप्पांच्या गोदामातली काळी ब्यूक

हे कुणी रचलेलं नाही. जोतीरामच्या डोळ्यांदेखत घडलं. आणि रचायचंच असतं, तर त्यानं स्वतःलाच उघडं पाडणारी गोष्ट कशाला रचली असती?

१९७६ सालचा वैशाख. रविवार. भर दुपारचे दोन.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला चनबसप्पा नावाच्या व्यापाऱ्याचं कापसाचं जुनं गोदाम होतं. त्यांना जुन्या मोटारींचा भारी नाद. पस्तीस-चाळीस गाड्या तिथं रांगेनं उभ्या. भिंतींवर हॉर्न, दिवे, नंबरप्लेटा, पेट्रोलचे पत्र्याचे डबे. ओळखीनं रविवारी बघायला मिळायचं.

जोतीराम श्रीपूरला जीपवर ड्रायव्हर होता. त्या दिवशी तो बजाबाईला, त्याच्या थोरल्या वहिनीला, मोहोळहून घेऊन आला होता. तिचा नवरा रावजी तेवीस वर्षांपूर्वी सीना नदीच्या पुलाजवळ गेला. दोघं भाऊ तेव्हा एका वकीलसाहेबांकडं ड्रायव्हर होते; त्यांची काळी ब्यूक रावजी चालवत होता. बैल आडवा आला, गाडी उलटली. तीच गाडी हातोहात फिरत इथं आल्याचं कळलं होतं.

"भावजी, मी ती गाडी कदी बगितलीच न्हाई. एकडाव दावा की."

वहिनी वर्षभर मागं लागली होती. जोतीराम वर्षभर टाळत होता.

राखणदार ईश्वरप्पानं दार सरकवलं. पत्र्याखाली नुसती भट्टी. वर पारवे घुमत होते.

बजाबाई कुणाला न विचारता चालू लागली. पहिली रांग... दुसरी... तिसऱ्या रांगेत शेवटच्या गाडीपाशी थांबली.

"हीच न्हवं?"

काळ्या गाड्या तिथं दहा-बारा तरी होत्या.

जोतीरामनं नुसती मान डोलावली.

तेवढ्यात पारवे गप्प झाले. सगळे एकदम.

आणि मग... टिक... टिक... टिक...

जोतीरामच्या ओळखीचा आवाज. लांबचा पल्ला मारून आलेली गाडी बंद केली, की तापलेलं इंजिन निवताना असंच वाजतं.

त्यानं बॉनेटवर हात ठेवला... आणि चटकन मागं घेतला. शेजारच्या गाडीला लावून पाहिला. ती कोमट होती.

"आज हिला चालवली का?"

ईश्वरप्पा हसला. "चालवणार कशी? हिला इंजिनच नाही की!" त्यानं बॉनेट उचललं.

आत रिकामं भगदाड. कोळ्याची जाळी.

टिक... टिक...

ईश्वरप्पाचं हसू मावळलं. तो दोन पावलं मागं सरला.

इकडं बजाबाई मागचं दार उघडून गाडीत बसली होती. पुढच्या सीटकडं वाकून हळू आवाजात बोलत होती. मधेच थांबत होती... समोरच्याचं ऐकायला थांबावं तशी.

पुढं कुणी नव्हतं.

मग तिनं हाक मारली.

"भावजी, हे इचारत्यात... ताप उतरला का?"



रावजी गेला, त्या दिवशी गाडीवर जायची पाळी जोतीरामची होती. त्याला कुस्त्यांच्या फडाला जायचं होतं. म्हणून पहाटे तो भावाला म्हणाला, दादा, अंगात ताप हाय. रावजीनं कपाळाला हातही लावून पाहिला नाही. किल्ली उचलली आणि निघाला.

हे दोघा भावांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. वहिनी तर तेव्हा गावी होती.

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. त्यानं तोंड उघडलं, पण शब्द बाहेर पडला तो...

"व्हय. उतरला."

टिकटिक थांबली.

परतीची मोहोळची एसटी खच्चून भरली होती.  वहिनी म्हणाली, "कसला ताप वो, भावजी? मला कदी कुणी बोललं न्हाई."



बजाबाई खिडकीकडं सरकली. दोघांच्या मधे एका माणसाची जागा झाली.

दाटीवाटीनं माणसं उभी होती. पण मोहोळ येईपर्यंत त्या जागेवर कुणीही बसलं नाही.

बजाबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. जोतीराम मात्र अजूनही बोलता बोलता थांबतो.

"दादानं ते काळजीनं इचारलं आसंल... का..."

पुढचं त्याच्या तोंडून निघत नाही.