चुकीच्या खोलीतले बुधवार

ऑड्रीची आणि माझी भेट झाली, कारण मी चुकीच्या खोलीत जाऊन बसलो.

त्या बुधवारी पाऊस होता. मेन राज्याच्या किनाऱ्यावर सप्टेंबर सरताना पडतो तसा, बारीक आणि थंड, थांबायचं नाव न घेणारा. चर्चच्या आवारात ट्रक लावून मी बराच वेळ आतच बसून राहिलो. तिथे बसायची मला सवय होती. माझी बायको कॉरिन दर बुधवारी इथे संध्याकाळच्या वर्गांना यायची आणि मी तिला न्यायला यायचो. ती म्हणायची, "आत तरी ये, सूप पिऊन जा." मी म्हणायचो, "ट्रकमध्ये बरंय." मार्चमध्ये ती गेली. मग मला आत जावं लागलं.

आमचं हे चर्च जरा निराळं आहे. इथे देव मानला तरी चालतं, नाही मानला तरी चालतं. सूप मात्र मसुराचंच लागतं. बुधवारी मोठ्या माणसांचे वर्ग भरतात. एका खोलीत पाव करायला शिकतात, दुसऱ्या खोलीत गीता वाचतात. आणि ज्यांचं माणूस गेलंय त्यांचा एक गट बसतो. पास्टरबाईंनी फोन करून सांगितलं होतं, "वेंडल, जिन्याजवळची खोली." जिना चढून की न चढता, ते मी विचारलं नाही.

मी न चढता गेलो.

खोलीत सात-आठ खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मधे बुटकं टेबल, त्यावर पितळी चषक आणि चषकात तेलाची ज्योत. वर्ग घ्यायच्या रूथ ऐन, ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. त्यांनी माझ्या हातात समुद्रावरचा एक गुळगुळीत गोटा दिला आणि म्हणाल्या, "ज्याच्या हातात गोटा, तो बोलेल. बाकीच्यांनी ऐकायचं. उत्तर नाही, सल्ला नाही, प्रश्न नाही. दिवा विझेपर्यंत. बोलायचं नसेल तर 'पुढे' म्हणायचं आणि गोटा द्यायचा."

मी 'पुढे' म्हणणार होतो. पण तोंडातून निघालं वेगळंच.

"मी वेंडल. रस्ते खात्यात आहे. बायको मार्चमध्ये गेली. सकाळी अजून दोन कप काढतो... मग एक परत ठेवतो."

कुणी काही बोललं नाही. मला फार बरं वाटलं. सहा महिने जो तो मला काहीतरी सांगत आला होता. मी गोटा डावीकडे दिला. तिथे हिरव्या रेनकोटातली एक बाई बसली होती. केस भिजलेले, वय माझ्यासारखंच, पन्नाशीच्या आसपासचं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग गोट्याकडे पाहिलं.

"मी ऑड्री," ती म्हणाली. "मी स्वर्ग मानत नाही. पण कुजलेल्या पानांचं खत होतं, ते मानते."

तिच्या पलीकडे एल्डन होते, ऐंशीचे म्हातारे. ते म्हणाले, "मी काहीच मानत नाही. आणि हे मी चाळीस वर्षं मनापासून मानत आलोय."

मला वाटलं, ही माणसं दुःख तरी कसं करतात!

दिवा विझवला, सगळे कोट चढवायला लागले. रूथ ऐननी माझा हात घट्ट दाबला. बाहेरच्या बोळात ऑड्री थांबली होती.

"एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांगा."

"तुमचा गट वरच्या मजल्यावर आहे. इथे आम्ही... आपण काय मानतो ते शोधतो. डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या बुधवारी वर्ग संपतो, तेव्हा प्रत्येकाने ते सांगायचं असतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? गोटा तुमच्या हातात होता!"

ती हसू दाबत होती. आधी मला लाज वाटली, मग मलाच हसू आलं. थंडीत पडून राहिलेलं इंजिन सुरू व्हावं तसं, दोनदा अडखळून. मार्चनंतर पहिल्यांदा.

मी हसलो तशी ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. अगदी जवळून.

"तुम्ही झोपेत दात खाता."

"काय?"

"दातांच्या दवाखान्यात काम करते मी. दिवसभर लोकांची तोंडं बघते. तुमचे खालचे दात झिजलेत. बायकोने कधी सांगि—" ती थांबली.

खिडकीवर पाऊस वाजत होता.

"सांगायची," मी म्हणालो. "रोज सकाळी. म्हणायची, रात्रभर खडी फोडत होतास... आता खातो की नाही, कोण सांगणार?"

तिने 'वाईट वाटलं' वगैरे काही म्हटलं नाही. रेनकोटाची बटणं लावली आणि म्हणाली, "पुढच्या बुधवारी वर जा. वरच्यांकडे बिस्किटं चांगली असतात."

पुढच्या बुधवारी मी पुन्हा खालच्याच खोलीत गेलो. या वेळी जाणूनबुजून.

"काय हो रस्तेवाले," एल्डननी सुपाच्या टेबलावरूनच हाक मारली, "परत चुकलात? जिना दिसत नाही, की दिसूनही दिसत नाही?"

ऑड्री वाटीत बघत होती. कान मात्र लाल झाले होते.

ऑक्टोबर असाच गेला. पानं गळली, दिवस आखडत गेला, संध्याकाळी पाचलाच गाड्यांचे दिवे लागायला लागले. घरी गेलं की अंधार, कॉरिनचा खुंटीवरचा कोट आणि फ्रीजचा आवाज. आठवडाभर मी बुधवारकडे डोळे लावून असायचो आणि त्याची लाजही वाटायची. वर्तुळात ऑड्रीच्या उजवीकडची खुर्ची रिकामी असायची. ती कोण ठेवायचं, हे मी कधी विचारलं नाही. माझ्याकडून तिच्याकडे गोटा जायचा तेव्हा बोटांना बोटं लागायची... दोघंही वर बघत नव्हतो.

"गोटा हातात आला की किती छान बोलता हो," एकदा सूप वाढताना ती म्हणाली. "आणि इथे नुसते मुके."

"इथे लोक उत्तर देतात."

"म्हणजे उत्तराची भीती."

"भीती नाही. सवय गेलीय."

"मग करून बघू. सूप कसं झालंय?"

"मसुराचं."

"वेंडल!"

"...मीठ कमी आहे."

"मीच केलंय," ती म्हणाली. "हे बघ, आलं की नाही उत्तर? मेलास का?"

ती अहो-जाहोवरून कधी खाली उतरली ते तिला कळलं नाही. मला कळलं. ट्रक चालवत घरी गेलो तोवर ते कानात होतं.

नोव्हेंबर सरताना एका बुधवारी तिची गाडी सुरूच होईना. पावसात गारांची कणी मिसळली होती. मी म्हणालो, "चल, सोडतो." ती शेजारी बसली. त्या सीटवर मार्चपासून कुणी बसलं नव्हतं. तिने हात चोळले, फुंकर मारली, मग समोरचा खण उघडला. आत लोकरीचे राखाडी हातमोजे होते.

"हे घालू? बोटं गोठलीत माझी."

"नको," मी म्हणालो.

फार जोरात म्हणालो. तिने मोजे जसे होते तसे परत ठेवले, खण बंद केला आणि हात कोटाच्या खिशात घातले. कुणाचे ते तिला सांगावं लागलं नाही. तिच्या घरापर्यंत काचेवरचे वायपर तेवढे बोलत होते.

दार उघडायच्या आधी ती म्हणाली, "मी डिसेंबरच्या शेवटी जातेय. डलूथला, अर्ध्या देशापलीकडे. बहीण एकटी आहे आणि तिची नजर जातेय."

"परत कधी?"

"माहीत नाही."

"हे... कधी ठरलं?"

"बरेच दिवस ठरत होतं. आत्ता, मोजे ठेवताना ठरलं." तिने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मला तू आवडतोस, वेंडल. पण रिकाम्या झालेल्या जागेत बसायला मी आलेली नाही. आणि तू बोलतोस ते फक्त कुणी उलट बोलणार नाही अशाच ठिकाणी. असं किती दिवस चालेल?"

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. ती फाटकातून आत गेली, घरातला दिवा लागला, तरी मी वाक्य शोधत होतो.

पुढचे दोन बुधवार गेलो नाही. घरी बसलो. मोजे टेबलावर काढून ठेवले होते. कॉरिन मोजे कुणालाही द्यायची. थंडीत कुणाचे उघडे हात तिला बघवायचे नाहीत. तिने मला काय सुनावलं असतं, ते माझ्या कानात स्पष्ट वाजत होतं. पण मोजे द्यायचे म्हणजे तिला घराबाहेर काढायचं, असं काहीतरी छातीत बसलं होतं. ते हलेना.

मग वर्गाचा शेवटचा बुधवार आला. दुपारपासून बर्फ पडत होतं. नऊला मला रस्ते साफ करायला निघायचं होतं. जाताना मी मोजे खिशात टाकले.

माझ्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. ऑड्रीने मान हलवून ओळख दिली, बस. दर बुधवारी सुपाबरोबर पाव आणणाऱ्या एका बाईंनी आपण काय मानतो त्याचा कागद वाचला, रूथ ऐननी त्यांचा वाचला. मग गोटा माझ्याकडे आला. माझ्याजवळ कागद नव्हता.

"मी काय मानतो ते मला नीट ठाऊक नाही," मी म्हणालो. "कॉरिन वर कुठेतरी आहे, असं मला वाटत नाही. ती घरात आहे. कपात, कोटात... एका मोज्यांच्या जोडीत. ऑड्रीने ते मोजे मागितले. तिची बोटं गोठली होती. मी दिले नाहीत. मला वाटलं, दिले तर कॉरिन जाईल."

दिव्याकडे बघत राहिलो.

"पण ती मोजे दिल्याने जाणार नाही आणि न दिल्याने परत येणार नाही. एवढंच मी मानतो. आणि... मी वरच्या खोलीत गेलो नाही तो ऑड्रीसाठी. माझ्या शेजारी कुणीतरी हवं म्हणून नाही. ही हवी म्हणून. झालं माझं."

गोटा तिच्या हातात दिला. 

उत्तर कुणी देणार नव्हतं. नियमच तसा. बर्फ काचेला लागत होतं. मला वाटलं, आता ती 'पुढे' म्हणेल आणि मला जन्मभर कळणार नाही.

ऑड्रीने गोटा मांडीवर ठेवला. पुढे वाकली, चषकाशेजारची पितळी झाकणी उचलली आणि ज्योतीवर ठेवून दिली. वातीचा वास पसरला.

"अगं!" एल्डन ओरडले. "माझं व्हायचंय अजून!"

"ऑड्री," रूथ ऐन म्हणाल्या, "आत्ता कुठे निम्मे..."

"पुन्हा लावा ना. मला उत्तर द्यायचंय आणि दिवा चालू असताना देता येत नाही." ती माझ्याकडे वळली. "मी जाणार आहे."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

"थांब, संपलं नाही. बहिणीला ताटातलं दिसत नाही रे. मला जायलाच हवं, आणि कधी येईन ते सांगता येत नाही. बर्फ वितळल्यावर बघू. पण तोवर रात्री झोपताना फोन लावायचा आणि उशाशी ठेवायचा. तू तिथे, मी तिथे. बोलायचं काही नाही. नुसता चालू ठेवायचा. सकाळी मी सांगेन."

"काय सांगशील?"

"दात खाल्लेस की नाही ते."

तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.  एल्डननी नाक शिंकरलं.

"चाळीस वर्षं येतोय इथे," ते म्हणाले, "असली मागणी कुणी कुणाला घातलेली ऐकली नाही. रूथ ऐन, लावा तो दिवा, नाहीतर मी काहीतरी मानायला लागेन."

बाहेर आवारात बर्फ घोट्यापर्यंत आलं होतं. मी खिशातून मोजे काढले.

"घाल."

"वेंडल... नक्की?"

"घाल गं. हात बघ कसे झालेत."

तिने घातले. बोटांच्या टोकाशी थोडी लोकर उरली.

"मोठे होतायत."

"तिचे हात मोठे होते," मी म्हणालो. हे वाक्य मी म्हणू शकलो, याचंच मला नवल वाटलं. ऑड्रीने मोज्यातला हात माझ्या गालावर ठेवला. लोकरीला ट्रकचा वास होता. कॉरिनचा वास केव्हाच उडून गेला होता आणि ते मला आजवर माहीत नव्हतं.

नाताळ झाल्यावर ती गेली. बसच्या खिडकीतून राखाडी हात हलताना दिसला, मग काच धुरकटली.

पहिल्या रात्री तिने सांगितलं तसा फोन उशाशी ठेवला. पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता, की वाऱ्याचा आवाज होता, कोण जाणे. कॉरिनच्या बाजूची उशी मी हलवली नव्हती. फोन दोन्ही उशांच्या मधे होता.

जाग आली तेव्हा खिडकीत काळोखच होता आणि बर्फ पडत होतं. डलूथला घड्याळ आमच्या मागे, म्हणजे तिकडे तर अजून पहाटच. मी फोन कानाला लावला. पलीकडे चमचा वाजला. कुणीतरी बाई, तिची बहीणच असणार, विचारत होती, "कोण आहे गं?" आणि ऑड्री तिला म्हणत होती, "झोप तू."

"ऑड्री?"

"उठलास?"

"हं." पुढचं विचारायला मला वेळ लागला. "...खाल्ले?"

पलीकडचा चमचा थांबला.

"रात्रभर," ती म्हणाली. "खडी फोडत होतास."