शाई नव्हे

त्याला त्वचेच्या दवाखान्यात यायचंच नव्हतं. ताईला सोडायला म्हणून आला आणि दारातच अडकला. ताईने त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि डॉक्टरांच्या सहायक मुलीपुढे उभं केलं. “माझं राहू दे, आधी ह्याच्या नाकाकडे बघा. घासून घासून सालटं काढलीत.”

“शाई आहे ती,” तो ओशाळून म्हणाला. “छापखान्यात कामाला आहे मी. काही केल्या जात नाही.”

तिने भिंगाचा दिवा त्याच्या चेहऱ्यावर ओढला. नाकावरचे काळे ठिपके दिसले, पण त्याआधी दिसल्या त्याच्या लांबसडक पापण्या.

“शाई नाही, ब्लॅकहेड्स आहेत. मळसुद्धा नाही. त्वचेतलं तेल आणि मृत पेशी छिद्रांत साचतात, हवा लागली की काळ्या पडतात. घासलं की त्वचा आणखी चिडते. आणि पिळायचं तर मुळीच नाही.”

“मग करायचं काय?”

“दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश. डॉक्टर सॅलिसिलिक ॲसिडचं जेल देतील, ते सुरुवातीला एक दिवसाआड. आणि धीर धरायचा... सहा-आठ आठवडे.”

“धीर आहे माझ्याकडे,” तो म्हणाला, आणि त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

मग तो तपासणी आणि सफाईसाठी दर महिन्याच्या एका गुरुवारी येऊ लागला. वाफ दिली की ती त्याच्या डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायची. मग तिला हवं तितकं बघता यायचं.

“आज गप्प का?” तो मिटल्या डोळ्यांनी विचारायचा.

“काम नाजूक आहे.”

“एकच जागा तिसऱ्यांदा पुसताय तुम्ही.”

“भास आहे तो.”

बाकीचा महिना सरता सरायचा नाही. ती उगाचच नोंदवही उघडून त्याचं नाव वाचायची. एकच गोष्ट तिला खात होती. तो बरा झाला, की येणं थांबणार. आणि त्याला बरं करणं हेच तर तिचं काम होतं.

तिसऱ्या महिन्यात ठिपके होते तसेच होते. तिला आनंद झाला, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

“डॉक्टर आता कडक औषध देणार आहेत,” ती म्हणाली. “खरं सांगा, जेल लावता ना?”

कापसाखाली त्याचे गाल तांबडे होत गेले.

“पंधरा दिवस लावलं. नाक साफ व्हायला लागलं... मग बंद केलं.”

“का?”

“तुम्ही म्हणाला असता, आता यायची गरज नाही.”

तिने अलगद त्याच्या डोळ्यांवरचा कापूस उचलला. तो तिच्याकडेच बघत होता.

“आजपासून जेल लावायचं,” ती हळूच म्हणाली.

“म्हणजे दोन महिन्यांनी—”

“नाक साफ होईल.” तिने दिवा मालवला. “आणि मी रोज साडेसहाला सुटते... त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागत नाही.”