बर्फातली प्रदक्षिणा

या, अशा जवळ सरकून बसा. टाळ घटकाभर मांडीवर राहू द्या, चहाचे कप खाली ठेवा. बुवा येईपर्यंत अर्धा तास आहे; हायवेला बर्फ आहे म्हणून फोन आलाय. तेवढ्यात एक गोष्ट सांगते. आपल्या माधवीची. ती यायच्या आत सांगायला हवी.

माधवी आणि उल्हास नागपूरकडचे. सातासमुद्रापलीकडे इथं व्हिटबीत येऊन सोळा वर्षं झालेली, कोपऱ्यावरचं घर, चहूबाजूंनी मोकळं, कुंपण नाही. उल्हास सॉफ्टवेअरमधला, आणि घाईतला. घाई म्हणजे किती? माणूस पानावर बसला की हात धुवायला उठलेलाच. चालायचा तो चवड्यांवर. माधवी म्हणायची, "ह्यांचे मोजे बघा, चवड्याला भोक आणि टाच नवी कोरी!" एवढ्या वर्षांत तिनं त्याला दारातून निघताना पाहिलं ते पाठमोरंच.

दक्षिणेतली देवळं बघायची, निवांत बघायची, ही तिची फार दिवसांची हौस. दोन हजार नऊच्या डिसेंबरात योग आला, आणि उल्हासनं एक्सेल शीट काढली. बारा दिवस, एकोणीस देवळं. मदुराई दोन तास. चिदंबरम पन्नास मिनिटं, लंच धरून.

"अहो, हे दर्शन आहे की हजेरी?"

"एवढ्या लांब जाऊन सगळं कव्हर करायला नको?"

"कव्हर! देवाला कव्हर करतात होय?"

गेले. रामेश्वरच्या त्या लांबच लांब दगडी ओवरीत माधवी एकेका खांबाशी थबकतेय, तर हा दुसऱ्या टोकाहून मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटतोय. तंजावरला भर दुपारी फरशी तव्यासारखी तापलेली, हा त्यावरून टणाटण उड्या मारत पुढे. श्रीरंगमला वैकुंठ एकादशीची गर्दी, सात प्राकार ओलांडून आत पोचेपर्यंत तिच्या पदराचं चिरगूट झालं, आणि बाहेर येताच हा म्हणतो काय, "वीस मिनिटं लेट झालो आपण." माधवीला अस्सा संताप यायचा! देवळातून निघताना पायरीवर घटकाभर टेकावं, ही आपली रीत. बारा दिवसांत उल्हास एकाही पायरीवर टेकला नाही.

सतरावं देऊळ कुंभकोणमच्या आडबाजूला होतं. नाव तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. शंकराचं, जुनं, आवारात गुडघाभर गवत. नंदीच्या पाठीवर तेलाचा काळा थर. आत वटवाघळांचा, तुपाचा, भिजून कुजलेल्या फुलांचा वास. पुजाऱ्यानं आरती दाखवली, विभूती दिली आणि सायकल काढून तो गेलासुद्धा. आवारात ही दोघंच. ड्रायव्हर राजन बाहेर गाडीत.

"एक राउंड मारून येतो," उल्हास म्हणाला.

"शंकराला पूर्ण प्रदक्षिणा नसते. तीर्थाच्या पन्हाळीपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं मागे फिरायचं. तीर्थ ओलांडत नाहीत."

"मागे फिरण्यात डबल वेळ जातो. इथे सगळे पूर्णच घालतात."

"ते त्यांच्या रीतीनं घालतात. तुम्ही वेळ वाचवायला घालताय."

"माधवी, प्लीज. पाच मिनिटं."

"जा मग! फिरत बसा जन्मभर!"

वैतागून बोलली हो. आपण रोज बोलतो अशी वाक्यं.

ती पायरीवर बसली. मागून अनवाणी पावलं वाजत गेली, चट चट चट, दक्षिणेच्या भिंतीला, मग पश्चिमेला. ऊन पायावर आलं होतं. तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा उल्हास शेजारी बसला होता.

"झालं?"

"हं."

धाप नाही. घड्याळाकडे नजर नाही. त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. गाभाऱ्यातला दगड असतो तसा गार हात. तिला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. दोघं तासभर बसली. देवळामागे कुणाची तरी पावलं चट चट वाजतच होती. आलं असेल कुणी भाविक, असं तिला वाटलं.

गाडीत बसताना राजननं आरसा हलवून मागे पाहिलं. मग उरलेल्या प्रवासात तो साहेबांशी एक शब्द बोलला नाही. विमानतळावर बॅगा उतरवताना माधवीला हळूच म्हणाला, "मॅडम, उस मंदिर से सार बाहर आया ना?"

"अरे, ये क्या खडे हैं सामने!"

राजननं कानाला हात लावला आणि गाडी वळवली.

व्हिटबीत जानेवारी. उल्हास खिडकीपाशी बसू लागला. लॅपटॉप मांडीवर, काम वेळेवर, आवाज नाही, घाई नाही. पहिला आठवडा माधवी मला फोनवर सांगे, "देवानं ऐकलं गं माझं." दुसऱ्या आठवड्यात तिचा सूर बदलला. "अगं, हा माणूस उठतच नाही! ड्राइव्हवेवर फूटभर बर्फ आहे, फावड्यानं काढा म्हटलं तर म्हणतात, राहू दे, वितळेल. एप्रिलात वितळेल!" जे वाढेल ते खायचा, मीठ विसरलं तरी. आणि एक गोष्ट तिनं फार उशिरा सांगितली. बाहेर उणे अठरा, तो काचेला नाक लावून बसलेला, पण काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरत नव्हती.

शेजारचा बेसिल, वसईचा, आपलं बर्फ उडवायचं मशीन घेऊन मदतीला आला. तोच पहिल्यांदा हसत म्हणाला, "वहिनी, उल्हासला बूट घेऊन द्या की! हा काय वेडेपणा?"

लॉनच्या कडेनं, घराभोवती, अनवाणी पावलांचं एक पूर्ण कडं उमटलं होतं.

"हे घरातून हलले नाहीत रे," माधवी म्हणाली.

"मग तुमच्या घराला कोणी नवस बोललाय."

रात्रीचं बर्फ पडलं की कडं बुजायचं. दुपारी नवं दिसायचं, आदल्या दिवसापेक्षा हातभर आत. उजव्या हाताला घर ठेवून, एकाच दिशेनं. चालताना कुणी दिसायचं नाही. माधवी खिडकीतून नजर काढायची नाही, तरी दूध उतू जाऊ नये म्हणून वळावं, तेवढ्यात चार पावलं नवी. तिसऱ्या दिवशी ती कोट चढवून बाहेर गेली आणि वाकून बघत राहिली. चवडा खोल रुतलेला. टाच जवळजवळ उमटलेलीच नाही.

ती आत आली. कोट खुंटीला लावला. आवाज मात्र नेहमीसारखा वैतागलेला ठेवला.

"अहो, एक सांगा. त्या देवळात तुम्ही प्रदक्षिणा घालून कुठल्या बाजूनं आलात?"

उल्हासनं शांतपणे तिच्याकडे पाहिलं.

"मी कुठं गेलो होतो? मी तिथंच बसलेलो होतो. तू येऊन माझ्याशेजारी बसलीस."

त्या संध्याकाळी तिनं मला फोन केला. रडत नव्हती. चिडली होती. "मी त्यांना म्हटलं ना, फिरत बसा. आणि मेले एरवी कधी ऐकत नाहीत, ते नेमकं हेच ऐकलं! त्या देवळापासून चालत आले असतील गं, एवढ्या थंडीत, आणि आता दारापर्यंत येऊन आत यायचं सुचत नाहीये." मी म्हटलं, रविवारी बुवांना विचारू. ती म्हणाली, "रविवारपर्यंत पाय राहतील का त्यांचे?"

शनिवारी दुपारी कडं भिंतीला टेकलं. उत्तरेच्या बाजूला छपराच्या पाण्याची नळी उतरते, तिचं पाणी वाटेवर आडवं गोठलं होतं. पावलं तिथपर्यंत येत आणि बर्फाची ती पट्टी ओलांडून पुढं जात. रोज. प्रत्येक फेरीला.

माधवी तिथं जाऊन उभी राहिली. घरच्या चपला घालून, तशीच.

"मागे फिरा!" ती ओरडली. "ओलांडू नका हो! किती वेळा सांगायचं तुम्हाला? आल्या वाटेनं मागे फिरा!"

वारा नव्हता. बेसिल गॅरेजमध्ये होता, त्यानं ऐकलं.

पट्टीच्या अलीकडं दोन चवडे उमटले.

तिथंच वळले.

मग आल्या वाटेनं उलटे निघाले. पश्चिमेच्या भिंतीला, दक्षिणेच्या भिंतीला. माधवी धावत पुढच्या दाराशी आली, तोवर पावलं पायरीपाशी संपली होती. पायरीवरच्या भुसभुशीत बर्फात माणूस बसावा एवढा खळगा पडला होता. त्याच्या शेजारी, कुणी हातानं झाडावं तशी, एका माणसापुरती जागा मोकळी केलेली होती.

ती बसली.

बेसिलनं गॅरेजच्या दारातून पाहिलं. वहिनी पायरीवर बसून शेजारी तोंड करून तावातावानं बोलत होत्या. "टोपी कुठाय? आणि पाय बघा, पाय काय करून घेतलेत!" पलीकडं पोर्चच्या खांबाआड उल्हास बसला असेल असं त्याला वाटलं. बरं, भांडू देत बिचारी, म्हणून तो मशीन आत ठेवायला वळला.

परत आला तेव्हा पायरी रिकामी होती. दोन खळगे, शेजारी शेजारी. तिथून रस्त्याकडे गेलेली पावलं, एक जोडी अनवाणी, एक चपलांची. सावकाश गेलेली. अनवाणी पावलांची टाचसुद्धा पुरी टेकलेली. रस्त्यावर नगरपालिकेनं बर्फ काढलेलं होतं, तिथं ती संपली.

बेसिलनं बेल वाजवली. दार उघडंच होतं.

खिडकीपाशी उल्हास बसला होता. शेजारच्या खुर्चीत माधवी. हात मांडीवर, चेहरा शांत.

"ये बेसिल," ती म्हणाली. "बस ना."

तो बसला नाही. दोघांच्याही नाकासमोर काच कोरडी होती, तिकडं बघत उभ्या उभ्याच निघून आला.

तर असं आहे. ती आता येईल, दोघंही येतील, आणि मागच्या रांगेत बसतील. अगदी शांत बसते हल्ली, कशावर चिडत नाही, आरतीला उठायचं राहून जातं. तिला जागा द्या, चहा द्या, वाकडा शब्द बोलू नका. पण घरी जाऊन देवापुढं दिवा लावाल, तेव्हा त्या दुसऱ्या माधवीची आठवण काढा. चिडकी, बडबडी, आपली माधवी. एकदा मोठ्यानं नाव घ्या तिचं. बाहेर उणे वीस आहे, आणि तिच्या अंगात कोट नव्हता.