थांबलेल्या मशीनचा आवाज

काकांचे साडू त्या रात्री घरून निघाले ते एका लॉकेटच्या शोधात.

गोष्ट खरी आहे, हे काका आधीच बजावतात. लाईट गेलेली असते, गच्चीवर सतरंजी पसरलेली असते आणि भाच्या-पुतण्यांनी मोबाईल खिशात घातलेले असतात. तो काकांचा नियमच आहे. ज्याला पटत नसेल त्याने खाली जाऊन झोपावं, असंही ते म्हणतात. कुणी जात नाही. जिन्यात गच्चीपेक्षा जास्त अंधार असतो.

तर साडू. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर लोक देशाटन करतात, यांनी जमिनीत पुरलेला धातू शोधायचं मशीन घेतलं. महिन्याभरात गल्लीने त्यांचं नाव चुंबक पाडलं. मैदानात पडलेली गाडीची किल्ली, बागेत निसटलेलं कानातलं, काहीही असो, चुंबकला बोलवा. पैसा घ्यायचे नाहीत. बायको म्हणायची, गावाचं सोनं हुडकता आणि डोक्यावरचा चष्मा मात्र मी शोधून द्यायचा.

मार्च महिन्यातला दुसरा मंगळवार होता. रात्री पावणेदहाला ते ग्रंथपाल ताईंच्या घरी पोचले. या ताई गावातल्या वाचनालयात काम करायच्या. घर विकलं गेलं होतं आणि सकाळी सातला परसात बुलडोझर येणार होता. ताईंची आई दोन महिन्यांपूर्वी गेली होती. शेवटची दोन वर्षं म्हातारीला काही आठवत नसे, पण हातांना एक काम आठवे. घरातली वस्तू उचलायची, परसात न्यायची, पुरायची. कुणी विचारलं की एकच उत्तर.

"हरवलं नाही गं. ठेवलंय."

असं तिने लॉकेटही ठेवलं होतं. त्यात ताईंच्या धाकट्या भावाचा फोटो होता. भाऊ सहाव्या वर्षी गेला. बाकीचे फोटो एका वर्षी माळ्यावरच्या गळतीत भिजून गेले, त्यामुळे त्याचा चेहरा जगात आता त्या लॉकेटमध्येच उरला होता. त्याचं नाक कसं होतं ते मला नीट आठवत नाही, असं ताईंनी वाचनालयात पुस्तकावर शिक्का मारता मारता चुंबकना सांगितलं होतं. चुंबकनी पुस्तक तिथेच ठेवलं आणि म्हणाले, आज रात्री येतो.

इथे एखादी भाची हटकून विचारते की ते मशीन चालतं कसं. काका उठतात, कोपऱ्यातला झाडू उलटा धरतात आणि दाखवतात. दांड्याच्या टोकाला गोल तबकडी असते. ती जमिनीपासून दोन बोटं वर ठेवायची आणि फरशी पुसतो तशी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकवायची. घाई नाही. झोक्यासारखी टोकाला वर उचलायची नाही, नाहीतर कडेचं सगळं सुटतं. आवाज आला की थांबायचं, त्याच जागेवर एकदा आडवं फिरवायचं, एकदा उभं. दोन्हीकडून वाजलं तर खरं. एकाच बाजूने वाजलं तर फसवं. दोन रेषा जिथे कापतात तिथे खुरपं घालायचं. आणि खड्डा बुजवून, पायाने दाबून मगच पुढे जायचं. चुंबकचा तो कडक नियम होता.

"आणि तबकडी धरून नुसतं उभं राहिलं तर?" पुतण्या विचारतो.

"तर ते गप्प. खाली हंडाभर सोनं असलं तरी गप्प. हललं तरच बोलतं ते. एक तर तबकडी हलली पाहिजे, नाहीतर खालची वस्तू."

"खालची वस्तू कशी हलेल?"

"मीपण साडूला हेच विचारलं होतं," काका म्हणतात आणि झाडू परत कोपऱ्यात ठेवतात.

कामाला लागण्याआधी चुंबक अंगावरचा सगळा धातू उतरवून ठेवत. हात तबकडीजवळ गेला की अंगठीच बोलायला लागते. त्या रात्रीही त्यांनी लग्नातली अंगठी, घड्याळ आणि फोन टोपीत घातला आणि टोपी मागच्या दाराच्या पायरीवर ठेवली. शेजारी जागे होऊ नयेत म्हणून हेडफोन लावले. ताई पायरीवर टॉर्च घेऊन बसल्या.

परस तीस पावलं लांब आणि वीस पावलं रुंद. मधे पेरूचं झाड, कोपऱ्यात नळ आणि नळाखाली कपडे धुवायचा दगड. साडेअकरापर्यंत चुंबकना सात पुरचुंड्या मिळाल्या. चांदीचा चमचा. पितळी कडी. कपाटाची पितळी किल्ली. शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान. प्रत्येक वस्तू निळ्या रेघांच्या चादरीच्या पट्टीत गुंडाळलेली आणि वर दुहेरी गाठ. म्हातारीने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. वस्तू विसरली, माणसं विसरली, पण गाठ विसरली नाही. कापडही शेवटपर्यंत तसंच फाडायची, कात्री न घेता. कोपरा दातात धरायचा आणि सर्रकन पट्टी काढायची.

अंगुस्तान बघून ताई हसल्या. याच्यापायी मी चार महिने आईची बोलणी खाल्लीत, म्हणाल्या. मग त्यांनी ते बोटात घालून पाहिलं.

"ती चादर आहे का अजून?" चुंबकनी सहज विचारलं.

"उरलेली मी जाळली, दादा. आई गेल्यावर बघवत नव्हती."

बारा वाजले. सगळं परस आडवं झालं, उभं झालं. लॉकेट नाही. चुंबक कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं. लॉकेट नुसतंच पुरलं असेल की कशात घालून, असं त्यांनी विचारलं. ताईंनी आठवून पाहिलं. आईची बटणांची डबीसुद्धा तेव्हापासूनच दिसत नाही, म्हणाल्या.

"कसली डबी?"

"पत्र्याची."

चुंबकनी कपाळावर हात मारून घेतला. जुन्या परसात खिळे फार असतात, म्हणून त्यांनी संध्याकाळीच मशीनला सांगून ठेवलं होतं की लोखंडाकडे लक्ष देऊ नकोस. पत्रा म्हणजे लोखंडच. त्या डबीवरून ते कदाचित चारदा गेले असतील आणि मशीन आज्ञाधारकपणे गप्प राहिलं असेल. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाने बटण बंद ठेवून मोटार तपासावी, तशातला प्रकार. त्यांना ताईंकडे बघवेना. तुम्ही आत जाऊन खोकी बांधा, मी पुन्हा पहिल्यापासून करतो, एवढंच म्हणाले.

ताई वरच्या मजल्यावर गेल्या. टॉर्च पायरीवर टोपीशेजारी राहिली.

आता लोखंड चालू. आणि परस ओरडायला लागलं. पावलागणिक खिळा, तार, बिजागरीचा तुकडा. चुंबक खणत होते, बुजवत होते, दाबत होते. गुडघे बोलायला लागले. एक वाजून वीस मिनिटांनी मशीनच्या बॅटरीची एकच रेघ उरली आणि अर्धंसुद्धा परस झालं नव्हतं. सकाळी सात वाजता सगळं उलथणार होतं. त्या पोराचं नाकसुद्धा.

ते पेरूखाली थांबले. तबकडी दोन बोटं वर, स्थिर. श्वास घ्यायला म्हणून नुसते उभे राहिले.

हेडफोनमध्ये आवाज आला.

कुंई.

चुंबकनी हाताकडे पाहिलं. हात हलत नव्हता. बॅटरी उतरली की मशीन बरळतं कधीकधी. त्यांनी ते बंद केलं. दहा आकडे मोजले. चालू केलं. तबकडी धरली. दगडासारखी.

कुंई.

आवाज डावीकडून आला आणि उजवीकडे विरला. तबकडी वस्तूवरून गेली की येतो तसा. फक्त इथे तबकडी जागेवर होती. म्हणजे वस्तूच… तबकडीखालून गेली होती.

त्यांनी हेडफोन काढले. परस शांत होतं. वर ताई खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या, तेवढा आवाज. जावं, टोपी उचलावी आणि निघावं, असं त्यांना वाटलं. काकांना त्यांनी हे लपवलं नाही. पाय वळलेही होते. पण मग वरच्या खिडकीतल्या उजेडाकडे त्यांची नजर गेली.

त्यांनी हेडफोन पुन्हा लावले. उजवीकडे एक पाऊल सरकले. तबकडी स्थिर.

कुंई.

आणखी एक पाऊल. कुंई.

लहान पावलं होती. त्यांच्या एका पावलात दोन मावतील अशी. चार झाली की थांबत होती… दम खायला थांबावं तशी. मग पुन्हा चार. चुंबक मागे चालत राहिले. पुढे काही नव्हतं. नुसती जमीन. टॉर्चचा उजेड इथपर्यंत पोचत नव्हता, वरच्या खिडकीचा काय तो अंधुक.

नळापाशी आवाज थांबला.

त्यांनी वाट पाहिली. काही नाही. मग त्यांनी तबकडी हलवली. आडवी. वाजलं. उभी. वाजलं. दगडाच्या अगदी कडेला. मशीन बाजूला आडवं ठेवलं, हेडफोन गळ्यात ओढले, गुडघ्यावर बसले. खुरपं घातलं. दोन बोटं. चार बोटं. सहा…

पत्र्यावर खुरपं घासलं.

निळ्या रेघा. दुहेरी गाठ. सोडवताना नखं लागत नव्हती. डबीत बटणं होती, आणि बटणांत लॉकेट.

चुंबक तसेच बसून राहिले. काम झालं होतं. आणि तेव्हा गळ्यातल्या हेडफोनमधून, अगदी बारीक…

कुंई.

मशीन जमिनीवर पडलेलं. कुणाचा हात नाही.

कुंई. मग थोडं लांब गेल्यासारखं… कुंई.

मशीनची तबकडी पायरीच्या दिशेला होती. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"ताई," त्यांनी हाक मारली. "तुम्ही खाली आलात का?"

"नाही, दादा." आवाज वरून आला. "का हो?"

पायरीवरची टॉर्च विझली.

चुंबकनी खड्डा बुजवला. हो, बुजवला. उठून पायाने दाबला आणि मगच पायरीकडे वळले. काका म्हणतात, घाबरलेला माणूस सवयीला धरून राहतो, दुसरं काय धरणार?

ताई खाली आल्या, मागच्या दारातला दिवा लागला. त्यांनी नखाने लॉकेट उघडलं. फोटोला डाग नव्हता. थोडं बसकं नाक, एका दाताची खिडकी. ताई पायरीवर बसल्या आणि लॉकेट नाकाजवळ धरून किती तरी वेळ बघत राहिल्या. चुंबकनी टोपी उचलली. फोन होता. घड्याळ होतं.

अंगठी नव्हती.

दोघांनी पायरी पाहिली, फटी पाहिल्या, टोपीचं अस्तर उलटं केलं. बॅटरीचा जीव जाईपर्यंत मशीन फिरवलं. सात वाजता बुलडोझर आला आणि नळाचा दगड पहिल्याच फेरीत गेला. लोकांच्या वस्तू शोधणाऱ्या माणसाची स्वतःची अंगठी हरवली म्हटल्यावर बायको काय काय बोलली असेल, ते काका सांगत नाहीत. मेहुणीचं प्रकरण आहे, म्हणतात.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी चुंबक मागच्या खोलीत चपलेला खिळा मारत होते. बायको दाराबाहेरच्या कुंड्यांना पाणी घालायला गेली. पाण्याचा आवाज मधेच थांबला. ती परत आली तेव्हा तिच्या बोटांना माती होती आणि तळहातावर एक पुरचुंडी होती. कोरफडीच्या कुंडीत अजून पाणी पडलं नव्हतं आणि तिथली माती कुणीतरी हाताने थोपटून बसवली होती, म्हणून तिने उकरून पाहिलं होतं.

निळ्या रेघा. दुहेरी गाठ. आत अंगठी.

"अहो, हरवली म्हणालात ना?" ती म्हणाली. "मग ही इथे कुणी ठेवली?"

चुंबकनी पट्टी हातात घेतली आणि खिडकीशी नेली. फाटलेल्या कडेचे दोरे ताजे, पांढरे होते. पट्टीभर कोरडी माती लागली होती. फक्त एका कोपऱ्याला नव्हती.

तो कोपरा ओला होता. दातात धरल्यासारखा.